बैलाच्या पोटातला बारीक आवाज

पोळ्याच्या तोंडावर आमच्या गुरांच्या दवाखान्यात ते यंत्र आलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, दांड्यावर छोटासा पडदा आणि कानाला लावायचे हेडफोन. मेटल डिटेक्टर. गाय, म्हैस, बैल चाऱ्याबरोबर खिळे आणि तारा गिळतात. ती तार पोटातून हळूहळू पुढे सरकते आणि एक दिवस हृदयात घुसते. तोवर आपण अपचनाचं औषध पाजत बसतो. पोटात लोखंड आहे का हे बाहेरून कळावं म्हणून मी या यंत्रासाठी वरच्या साहेबांच्या मागे लागले होते. ते खरंच आलं याचा आनंद खोकं उघडेपर्यंत टिकला. पुस्तिकेवर समुद्राच्या वाळूत नाणी शोधणारा अर्ध्या चड्डीतला गोरा माणूस होता. बैलाचा उल्लेख पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नव्हता.

दवाखान्यात मी डॉक्टर आणि माझ्याबरोबर मलमपट्टीला एक ड्रेसर. ते माझ्याहून वयानं मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांनी यंत्राकडे पाहून पहिलं वाक्य टाकलं, "म्याडम, याच्यानं खजिना सापडला तं अर्धा माहा." मी तापट आहे, हे भाऊंना माहीत आहे, तरी ते बोलायचे थांबत नाहीत.

अंगणात यंत्र चालू केलं तर ते जमिनीवरच ओरडायला लागलं. जिथे चकती न्यावी तिथे घुर्रर्र. मला वाटलं, बिघडलेलंच पाठवलं. मग पुस्तिकेतलं बारीक अक्षर वाचलं. आपली काळी माती आणि तिच्याखालचा काळा दगड, दोन्हींत लोखंडाचा अंश असतो. वाळूवरच्या साहेबाला हा त्रास नाही. त्यावर उपाय होता. एक बटण दाबून धरायचं, चकती जमिनीजवळ वरखाली करायची, म्हणजे यंत्र त्या मातीला ओळखतं आणि तिच्यापुरतं गप्प बसतं. हे जमायला मला सबंध दुपार लागली आणि त्या दुपारी भाऊंनी माझ्या बऱ्याच शिव्या ऐकल्या.

पुढचा सराव बारदान्यावर, म्हणजे गोणपाटाच्या पोत्यावर केला. त्यात ओलं कुटार, म्हणजे चाऱ्याचा भुसा, ठासून भरलं, मध्ये कधी खिळा लपवला, कधी माझी अंगठी, आणि वरून चकती फिरवली. खिळ्याला जाड, घोगरा आवाज यायचा. अंगठीला बारीक, चिवचिवता. भाऊ लपवायचे, मी ओळखायची. मला जरा अभिमान वाटायला लागला होता. पण ओलं कुटार गपचूप बसून राहतं, बैल बसत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. बैलांना सुट्टी आणि माणसांना आळस. त्या सकाळी रोहिणखेडच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला. शेतकरी तरुण वाटत होता, आवाज दबलेला. "म्याडम, बैलानं पोत खाल्ली. तुमच्या दवाखान्यात मशीन आलं म्हनते."

पोत म्हणजे काळ्या मण्यांची माळ आणि मधे सोन्याचं डोरलं. त्या घरची रीत अशी की पोळा फुटून बैल दाराशी आले की घरच्या सुनेनं त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, गळ्यातली पोत काढून बैलाच्या कपाळाला लावायची आणि मग पुरणपोळी भरवायची. सून त्याच वर्षी लग्न होऊन आलेली होती, तिचा हा पहिला पोळा. कपाळाला लावलेली पोत तिनं ताटात ठेवली आणि ओवाळायचा दिवा सारखा करायला वाकली, तेवढ्यात बैलानं जीभ फिरवली. पोळी गेली आणि पोतही गेली, असं तिचं म्हणणं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती गोठ्यामागे उकिडवी बसून टोपल्यात शेण धूत होती. हात कोपरापर्यंत हिरवे. उजाडल्यापासून दोन्ही बैलांचं शेण ती असंच धूत होती, असं कळलं. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा टोपल्यात हात घातला. गळा मोकळा होता, आणि तो झाकायला तिनं पदर घट्ट ओढून घेतला होता.

सासू ओट्यावर होती. तिनं माझ्यासाठी खुर्ची टाकायला लावली, पाणी दिलं, आणि मी घोट घेते न घेते तोच म्हणाली, "बैलानं खाल्ली म्हनते. काल हिचा भाऊ आलता. जेवला, पूजेले होता, अन् दिवस बुडता बुडता गेला. आता पोत बैलाच्या पोटात हाय का भावाच्या खिशात, थे तुमचं मशीन सांगन."

शेण धुणारे हात थांबले. नवरा दुसरीकडे बघत होता. नंतर समजलं की त्यानं सकाळीच मेव्हण्याला फोन करून नको ते ऐकवलं होतं.

मला भयंकर राग आला. सासूचा आला, त्या खाली मान घातलेल्या नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त यंत्राचा आला. मी ते खिळे शोधायला मागितलं होतं, माणसांची इमानदारी तोलायला नाही. पण आता पाठ फिरवून गेले असते तर गावानं त्याचाही अर्थ काढलाच असता. सुनेनं माझ्याजवळ येऊन हळूच एवढंच म्हटलं, "म्याडम, मी सांगतलं थे खरं हाय." मी तिला काय सांगणार होते? की मला अजून बारदान्यावरच चालवता येतं?

"कोणत्या बैलानं खाल्ली?" मी विचारलं.

तिनं उजवा हात वर केला. "या हाताच्या."

नवऱ्यानं गोठ्यातून एक बैल सोडून आणला. जोडी पांढरीशुभ्र, उंचीला सारखी, शिंगांना सारखाच वळसा. कालचा साज अजून तसाच होता. शिंगांवर रंग आणि त्यावर चिकटवलेली चकचकीत बेगड, पाठीवर हातांचे रंगीत ठसे. मी गळ्यातली घंटी काढायला लावली. माझं घड्याळ, बांगड्या, अंगठी काढून भाऊंच्या खिशात टाकली. जमिनीवर बटण दाबून माती गप्प केली. शेजारीपाजारी ओट्याच्या कडेनं जमायला लागले होते. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी तोंडात दातवण धरून. पोळ्यानंतर गावाला असा तमाशा फुकटात मिळत नाही.

बैलाच्या पुढच्या डाव्या पायाचा कोपर, त्याच्या मागे चकती. बैलांचं जाळीपोट तिथे खाली असतं, आणि गिळलेली जड वस्तू त्यात जाऊन बसते. मी चकती पुढे केली आणि यंत्र घोगरं गुरगुरलं. खूर चकतीपासून दूर होता, म्हणजे हा नालेचा आवाज नव्हता. पोटात लोखंड होतं. मी पुन्हा फिरवली. परत तेच. आणि अचानक हेडफोनमधून बारीक चिवचिवाट कानात शिरला. माझ्या तोंडावरून लोकांनी ओळखलं. कुणीतरी म्हणालं, "सापडली बे."

पण बैलानं मान वळवून माझा खांदा हुंगला होता, एवढंच झालं होतं. मी चकती शिंगाजवळ नेली. तोच बारीक आवाज. बेगडीचा. माझे कान लाल झाले. बारदान्यात बेगड लपवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. यंत्राला सोनं आणि बेगड एकच.

बैलाची मान पलीकडे वळवून धरायला लावून मी पुन्हा सुरुवात केली. कोपरामागे, छातीच्या हाडाखाली, बरगड्यांच्या कडेनं. जाड आवाज होता, बारीक नव्हता. दुसऱ्यांदा नव्हता, तिसऱ्यांदाही नव्हता. मला कुणाकडेच पाहायचं नव्हतं. मी दांडा धरून उगाच वेळ काढत होते. हेडफोन काढला की बोलावं लागणार होतं, आणि मी जे बोलेन ते त्या मुलीला आयुष्यभर पुरलं असतं.

"नाई ना?" सासू म्हणाली. विचारलं नाहीच तिनं, सांगितलंच.

सून गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. रडत नव्हती. तिच्या तोंडावर जे होतं ते मला अजून आठवतं. खरं बोलूनही आपण खोटे ठरणार हे कळलेल्या माणसाचं तोंड होतं ते. आणि माझ्यातला हट्टीपणा उसळला. कारण नुसती सबब सांगणारी मुलगी उजाडल्यापासून शेण धूत बसत नाही. खोटं बोलणारीनं शेणात हात तरी कशाला घातला असता?

"ताई, काल जशी पूजा केली तशी करून दाखवा," मी म्हटलं. "ताट घ्या, दारात उभ्या राहा. दादा, दोन्ही बैल आणा."

"आता काय पुन्हा पोळा करता?" सासू म्हणाली, पण ताट तिनंच काढून दिलं.

नवरा जोडी घेऊन आला. ज्या बाजूला जो बैल जुंपतो त्याच बाजूला त्याला ठेवून त्यानं दोघांना दाराशी उभं केलं, सवयीनं. बैलही सवयीनं उभे राहिले. उंबऱ्यात सून, हातात रिकामं ताट. तिनं कालच्यासारखा उजवा हात पुढे केला. तिच्या हातासमोर जो बैल होता तो मी तपासलेला नव्हता. तो दुसरा होता.

नवरा जन्मभर बैलांच्या मागे चालत आलेला. उजवा बैल म्हणजे त्याच्या उजव्या हाताचा, कासऱ्यामागून दिसतो तो. ती बैलांच्या समोर उभी होती, आणि दोघांच्यातला फरक तिला अजून ओळखू येत नव्हता. तिनं हात दाखवला आणि त्यानं रोजच्या अंगवळणानं भलताच बैल सोडून आणला. त्याचा चेहरा पडला. "हा तं डावीकडचा हाय," तो म्हणाला.

"आता बैल बदलून राह्यली," सासू म्हणाली.

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला. हा बैल भित्रा होता. चकती जवळ आली की कातडी थरथरवायचा. नवऱ्यानं वेसण आखूड धरली. शिंगं चकतीपासून पलीकडे वळवली. कोपराच्या मागे चकती नेली, आणि कानात बारीक आवाज आला. मी थांबले. चकती दूर केली, आवाज गेला. जवळ नेली, आला. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात माझं लक्ष पलीकडे वळवलेल्या शिंगाकडे गेलं. तिथली बेगड अर्धी गायब होती. रात्री जोडीदाराचं शिंग चाटणं, आपलं गव्हाणीवर घासणं आणि खाली पडलेलं गिळणं, हे बैल करतातच.

गप्प बसता आलं असतं. सापडलं म्हणून मोकळी झाले असते तर सगळे घरी गेले असते. पण मग पोट उघडल्यावर बेगड निघाली असती तर? मी जसं होतं तसं सांगितलं. "पोटात काहीतरी आहे. सोनं असेल. बेगडही असू शकते. यंत्राला दोन्ही सारखंच."

"म्हंजे मशीनलेबी नाई समजत," सासू म्हणाली. मी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. "चिमनीवानी करून राह्यलं," ती म्हणाली, आणि हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला. "राहू द्या मंग. शेनात येईन आलं तं."

मी सांगितलं, जाळीपोटात बसलेली जड वस्तू शेणात येत नाही. आणि पोत तारेत ओवलेली आहे. तार उघडली तर आज ना उद्या रुतेल. रुतेलच असं नाही, पण भरवसा नाही. उघडायचं तर बैलाला दिवसभर उपाशी ठेवून उद्या उघडावं लागेल, आणि त्यातही धोका आहे.

"बैल नाई फाडाचा," सासू म्हणाली. नवरा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा होता. त्याची मान नकारार्थी हलली.

"फाडा," सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "म्याडम, तुम्ही मशीन घेऊन निंगून जासान. मी अठीच राहीन. आज म्हनतीन सोनं असन, उद्या म्हनतीन बेगड होती. माह्या मायबापाच्या घरावर आळ हाय. मले आवाज नोको. मले थे बाहेर पायजे."

इकडे आड तिकडे विहीर. मी नवऱ्याकडे पाहिलं. बैल त्याचा, होकार त्यानं द्यायचा होता. त्यानं बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाला, "होऊ द्या दूध का दूध."

निघताना पहिल्या बैलाला मी तोंडावाटे चुंबक दिलं. त्याच्या पोटातलं लोखंड निदान एका जागी चिकटून राहील. ज्यासाठी यंत्र मागवलं होतं ते काम असं भलत्याच बैलावर झालं. परतीच्या वाटेवर भाऊ गाडीत गप्प होते. मी त्यांना गप्प बसलेलं त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच गोठ्यासमोर, निंबाच्या सावलीत, बैल उभा करून दोरांनी बांधला. डाव्या कुशीवरचे केस काढले, भूल दिली. बाया ओट्यावर, पुरुष बांधाला. मी कातडी उघडली, मोठं पोट ओढून काठाला टाके घालून घेतलं आणि ते उघडलं. आंबूस वाफ तोंडावर आली. ओंजळीओंजळीनं चारा बाहेर काढला. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा घातलेला हात आत गेला, पुढे आणि खाली, जिथे पोटाची भिंत आतून जाळीजाळीची लागते. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. बोटांनीच बघायचं.

खडे लागले. मग काहीतरी पातळ, चुरगळलेलं. मी मूठ बाहेर काढली आणि उघडली. बेगड. सोनेरी, चावून गोळा झालेली.

ओट्यावर कुणीतरी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. सासूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सुनेकडे बघायची माझी छाती झाली नाही. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाही राग आला. मी हात पुन्हा आत घातला, आणखी खोल, गाल बैलाच्या अंगाला टेकेपर्यंत. बैल कण्हला. भाऊ त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. जाळीच्या घड्या एकेक करून चाचपल्या. खडा. खडा. काही नाही. हाताला गोळा यायला लागला होता. आणि एका घडीत बोटाखाली बारीक गोल दाणे सरकले, एकापाठोपाठ एक, ओळीनं. ज्वारीचे दाणे असे ओळीनं येत नाहीत.

 बोटं हळूहळू वळवून पकडलं आणि हात बाहेर काढला. काळे मणी, त्यांच्यावर हिरवा लगदा, आणि मधे डोरलं. तार एका ठिकाणी उघडली होती. टोक वाकून सुईसारखं वर आलं होतं.

भाऊंनी बादलीतल्या पाण्यात पोत खळबळून घेतली. सासूनं हात पुढे केला. मी ती सुनेच्या हातात दिली. लोक बोलायला लागले होते, कुणी हसत होतं, कुणी म्हणत होतं, आम्हाले माहीतच होतं. माझे टाके घालायचे राहिले होते, मी बैलाकडे वळले.

सुनेनं पोत गळ्यात घातली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "माह्या भावाले फोन लावा. तुमीच लावा. अन् सगळ्याइले ऐकू येऊ द्या."

त्यानं आईकडे पाहिलं. आई ओट्यावरून उठून आत गेली नाही, एवढं मी तिच्या बाजूनं म्हणेन. त्यानं फोन लावला. बरीच रिंग वाजली. पलीकडून "बोला" आलं, कोरडं.

"सापडली," तो म्हणाला.

"तेवढंच नोको," सून म्हणाली.

माझी सुई चालू होती, पण कान तिकडेच होते. त्यानं घसा खाकरला. त्याचा दुसरा हात बैलाच्या वशिंडावर होता. "पोत बैलाच्या पोटात व्हती," तो म्हणाला, सगळ्या गावासमोर, थांबत थांबत. "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मायं चुकलं."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन ठेवला. सुनेलाही तेच वाटलं असावं, तिनं पदराची गाठ मुठीत आवळली.

मग तिचा भाऊ म्हणाला, "पोट फाडलं का त्याचं? वाचन ना थो?"

 नवऱ्यानं फोन माझ्याकडे केला. माझे दोन्ही हात रक्तानं भरलेले होते, म्हणून त्यानं तो माझ्या तोंडाशी धरला. पहिल्या दिवशी असं सांगता येत नाही, आणि मी एरवी कधी सांगत नाही. पण मी म्हटलं, "वाचेल, दादा." आणि मागे ओट्याच्या पायरीवर बसून सून पहिल्यांदा रडली.